साथीला सीमा नाही. माहितीला मात्र आहे

गोदाकाठी सिंहस्थाची तयारी चालू आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे मुख्य स्नाने होतील आणि देशाच्या सर्व भागांतून, किंबहुना देशाबाहेरूनही, यात्रेकरूंचे लोंढे या दोन क्षेत्रांकडे वाहू लागतील. घाट, रस्ते, पूल, साधुग्राम, पाणीपुरवठा, मलनिस्सारण यांवरील खर्चाची चर्चा रोज कानी पडते आणि ती आवश्यकही आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. तेव्हा गर्दीच्या नियोजनाचे महत्त्व नाशिककरांना कोणी नव्याने सांगावयास नको.

पण गर्दीबरोबर रोगही येतो आणि गर्दीबरोबरच तो परत जातो. चेंगराचेंगरी तत्काळ डोळ्यांना दिसते. साथ मात्र यात्रेकरू घरी परतल्यावर, काही दिवसांनी, शेकडो कोसांवरील एखाद्या परराज्यातील खेड्यात प्रकट होते. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली, हा इतिहास आहे. आज पाणी शुद्ध करण्याची साधने आहेत, लसी आहेत, प्रयोगशाळा आहेत. तथापि एक प्रश्न तेव्हाइतकाच आजही उभा आहे. दूरच्या खेड्यातील ताप आणि नाशिकचे स्नान यांचा संबंध कोणी ओळखावयाचा, आणि ओळखल्यावर तो कोणाला कळवावयाचा?

नाशिकच्या बाबतीत हा प्रश्न बारा वर्षांतून एकदाच येणारा नव्हे. जिल्ह्याचे सुरगाणा, पेठ, बागलाण हे तालुके गुजरातला भिडलेले आहेत. पेठवरून धरमपूर-वलसाडकडे आणि वणीवरून सापुताऱ्याकडे जाणारे रस्ते वर्षभर वाहते असतात. डोंगरपट्टीतील कोकणा, वारली, भिल्ल समाजांचे सोयरसंबंध सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. खानदेशातील मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीगडावर गुजरातेतूनही भाविक येतात. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी, सुविधा मिळत नसतील तर आम्हांस गुजरातेत समाविष्ट करा, अशी मागणी केली होती. तिच्या राजकीय बाजूची चिकित्सा येथे प्रस्तुत नाही. पण तिच्यामागील तक्रारींत आरोग्यसेवेची तक्रारही होती, हे विसरता येत नाही.

आता अशी कल्पना करावी की सीमेलगतच्या एखाद्या पाड्यावर एकाच आठवड्यात पाच माणसांना एकाच प्रकारचा ताप आला. एकजण धरमपूरच्या दवाखान्यात गेला. दुसऱ्याने नाशिकला खाजगी डॉक्टर गाठला. तिसरा कामावरच असल्यामुळे साखर कारखान्याच्या परिसरात आजारी पडला. उरलेले दोघे घरीच भगताच्या उपचारावर राहिले. या पाच रुग्णांची नोंद कोणत्याही एका वहीत पाच म्हणून होणार नाही. पहिल्या तीन ठिकाणी प्रत्येकी एक होईल, पाड्यावर बहुधा शून्य होईल. आणि एक म्हणजे साथ नव्हे. प्रत्येक वही आपापल्या परीने खरी असेल, पण सर्व वह्या मिळून खोटे बोलत असतील. सीमावर्ती रोगसर्वेक्षणाचा सगळा पेच या पाच रुग्णांत सामावलेला आहे.

दोन धडे

हा पेच काल्पनिक नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि अवघ्या काही दिवसांत लक्षावधी लोकांनी ते शहर सोडले. त्यांत कापड आणि हिरे व्यवसायांतील मजूर होते, आणि महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील, माणसांचा भरणा मोठा होता. त्याआधी महिनाभर बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. १९६६ नंतर देशात प्लेगचा निश्चित रुग्ण नोंदला गेला नव्हता. परिणामी हा रोग पाहिलेली, त्याचा तपास केलेली कर्त्या वयाची माणसे यंत्रणेत जवळजवळ उरली नव्हती. रोग खरोखर प्लेगच आहे काय, यावर तज्ज्ञांत वाद झाला आणि पुढे डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. दरम्यान अनेक देशांनी भारताची विमाने व माल रोखला, आणि देशाचे नुकसान सुमारे दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज पुढे वारंवार दिला गेला. मृत्यूंची संख्या मात्र साठाच्या आत होती. रोगाने जेवढे मारले, त्याहून कितीतरी अधिक अज्ञानाने आणि घबराटीने नाडले.

दुसरा धडा नवापूरचा. नंदुरबार जिल्ह्यातील, म्हणजे नाशिक महसूल विभागातीलच, हे गाव अगदी सीमेवर वसलेले आहे. त्याच्या रेल्वेस्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. २००६ च्या प्रारंभी येथील कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्यांची मरतूक सुरू झाली. राणीखेतच असावा असा प्रथम समज झाला. तो राणीखेत नसून बर्ड फ्लू आहे, हे भोपाळच्या प्रयोगशाळेकडून १८ फेब्रुवारीस निश्चित झाले, तोवर काही आठवडे उलटून गेले होते. हा भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक होता. पुढे लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, सीमेपलीकडील उच्छल परिसरातही तेच करावे लागले, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. घरोघर जाऊन तापाचे रुग्ण शोधले गेले आणि संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. माणसात एकही रुग्ण निश्चित झाला नाही, हे सुदैव. पण सुदैव हे धोरण होऊ शकत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच नवापुरात हा रोग पुन्हा उद्भवला, यावरून ते उघड व्हावे.

या दोन्ही प्रसंगांत औषधांचा किंवा प्रयोगशाळांचा सर्वस्वी अभाव होता असे नाही. अभाव होता तो पहिल्या आठवड्यातच "हे नेहमीचे नाही" असे ओळखणाऱ्या आणि ते योग्य ठिकाणी निःसंकोच कळवणाऱ्या माणसाचा.

व्यवस्था आहे, पण...

राज्यघटनाकारांना हा धोका ठाऊक होता. सार्वजनिक आरोग्य हा विषय त्यांनी राज्यसूचीत ठेवला, बंदरांवरील विलगीकरण संघसूचीत घातले, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू न देणे हा विषय समवर्ती सूचीत २९ व्या क्रमांकावर मुद्दाम नोंदवला. म्हणजे ही जबाबदारी केंद्राची आणि राज्यांची, उभयतांची आहे. मात्र दोघांचे काम ते कोणाचेच नव्हे, असा अनुभव आपल्या प्रशासनात नवा नाही.

सुरतेच्या प्रकरणानंतर रोगसर्वेक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहू लागली आणि २००४ मध्ये एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने संशयित रुग्णांचा तक्ता भरावयाचा, वैद्यकीय अधिकाऱ्याने संभाव्य रुग्णांचा, प्रयोगशाळेने निश्चित रुग्णांचा, आणि दर आठवड्याला सर्व आकडे जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडे जावयाचे, अशी ही पद्धत होती. २०२१ पासून हेच काम संगणकीय मंचावर आले असून माहिती आता रोजच्या रोज भरता येते. २००७ मध्ये अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार, जागतिक चिंतेचा ठरू शकेल असा उद्रेक, तसे मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेस कळवणे भारतावर बंधनकारक आहे. दिल्ली ते जिनिव्हा हा प्रवास २४ तासांत होऊ शकतो. खरा प्रश्न पाडा ते तालुका आणि तालुका ते शेजारचा तालुका या प्रवासाचा आहे.

अलीकडे या विषयातील जाणकार एक सोपे माप वापरतात. उद्रेक सात दिवसांत ओळखला जावा, एका दिवसात कळवला जावा, आणि पुढील सात दिवसांत प्रतिबंधाचे प्राथमिक उपाय सुरू व्हावेत. या मापाने नवापूरचे प्रकरण पहिल्याच पायरीवर अडखळले होते. संगणकाचा पडदा ही पायरी ओलांडून देत नाही, कारण पडद्यावर तेच दिसते जे कोणीतरी पाहून भरलेले असते. न पाहिलेला रुग्ण कितीही वेगवान यंत्रात दिसत नाही.

उणीव माणसांची

मग अशी पाहणारी माणसे किती हवीत? आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात साधारणतः दोन लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असे प्रमाण धरले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती, म्हणजे एकट्या या जिल्ह्यास तीस माणसे लागतील. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ११ कोटी २४ लाख होती. राज्यास साडेपाचशेहून अधिक माणसे लागतील. प्रत्यक्षात जिल्हा सर्वेक्षण कक्षात साथरोगतज्ज्ञाचे जे एखादे पद असते, तेही बहुधा कंत्राटी असते. दोन-तीन वर्षांत माणूस कामात मुरतो आणि अधिक स्थिर नोकरी मिळताच निघून जातो. त्याच्याबरोबर त्याच्या ओळखी, त्याचा अनुभव आणि त्याच्या डोक्यातील जिल्ह्याचा नकाशाही जातो.

या शास्त्राचे उच्च प्रशिक्षण देशात नाही असे नव्हे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत २००१ पासून क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे शिक्षण दिले जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या साहाय्याने दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून उत्तम अधिकारी तयार झाले. पण दोन वर्षांसाठी तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी मोकळा करणे राज्यांना जड जाते आणि दरवर्षी बाहेर पडणारी संख्या देशाच्या गरजेपुढे अपुरी पडते. शिवाय परकीय साहाय्यावर विसंबण्यालाही मर्यादा आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, हे लक्षात घेता आपल्या माणसांचे शिक्षण आपणच करावयाची तयारी ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

येथेच नाशिकचे वेगळेपण उपयोगी पडू शकते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय या शहरात आहे. राज्याच्या सर्व भागांतील वैद्यकीय, परिचर्या व अन्य आरोग्यशाखांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. आरोग्यखात्याचे प्रशिक्षण केंद्रही येथे आहे. सीमा दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे, आणि सिंहस्थाच्या रूपाने जगातील मोठ्यांतली एक यात्रा दाराशी आहे. शिकवणारी संस्था, शिकण्याचे क्षेत्र आणि शिकण्याची निकड या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचा असा योग क्वचित येतो.

हे प्रशिक्षण कसे असावे? जगभर रूढ झालेला तीन महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम हा त्याचा पाया होऊ शकेल. त्यात प्रशिक्षणार्थी आपले पद सोडत नाही. काही दिवस वर्गात शिकतो, मग आपल्याच केंद्रात परत जाऊन आपल्याच नोंदवह्या तपासतो, आणि आढळलेल्या चुका घेऊन पुन्हा वर्गात येतो. रुग्ण कोणाला म्हणावयाचे याची व्याख्या ठरवणे, घरोघर फिरून रुग्णयादी करणे, काळ, स्थळ व व्यक्ती या तीन अंगांनी ती मांडणे, नमुना योग्य तापमानात प्रयोगशाळेस पोचवणे आणि निष्कर्ष सोप्या भाषेत वरिष्ठांना कळवणे, एवढे त्याला यावे. यात गूढ असे काही नाही. पण हे वाचून येत नाही. विहिरीत उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, तशीच ही विद्या आहे.

यात आणखी दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की हे शिक्षण केवळ डॉक्टरांपुरते नसावे. साथ प्रथम पाहते ती आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती, पशुधन पर्यवेक्षक आणि पुष्कळदा आश्रमशाळेचा शिक्षक. देवीच्या निर्मूलनात भारताला यश आले ते अशाच सामान्य कार्यकर्त्यांच्या बळावर. हाती देवीच्या रुग्णाचे चित्र घेऊन ते बाजारांत आणि घरोघर विचारीत फिरले, आणि रुग्ण सापडताच त्याच्याभोवती लसीकरणाचे कडे उभे राहिले. २४ मे १९७५ रोजी आसामात आढळलेला देशातील अखेरचा रुग्ण बांगलादेशातून आलेला होता. सीमेवर जागे असलेल्या डोळ्यांचे मोल यातून कळावे.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे पथ्य असे की निम्मे प्रशिक्षणार्थी सीमेपलीकडचे असावेत. वलसाड, नवसारी, डांग, तापी, सुरत येथील कर्मचाऱ्यांनी पेठ, सुरगाणा, नवापूर येथील कर्मचाऱ्यांसमवेत एका बाकावर शिकावे, एकाच उद्रेकाच्या तपासाचा सराव करावा आणि एकमेकांच्या दवाखान्यांत जाऊन यावे. डोंगरातील कोकणा भाषा दोन्हीकडे चालते, तेव्हा भाषेची अडचण मानण्याचे कारण नाही. औपचारिक पत्र मंत्रालयातून सचिवालयात आणि तेथून खाली झिरपेपर्यंत साथ आटोपलेली असते. याउलट, तीन महिने बरोबर शिकलेली दोन माणसे दूरध्वनीवरून पाच मिनिटांत बोलतात. अशा बोलण्यास अधिकृत आधार असावा म्हणून लगतच्या जिल्ह्यांनी एक साधा लेखी करार करावा. शेजारच्या जिल्ह्यातील रहिवासी संशयित रुग्ण म्हणून आढळल्यास २४ तासांत कळवावे, आणि वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीसाठी थांबू नये, एवढेच कलम त्यात पुरेसे आहे.

याची निकड २०२४ ने पुन्हा दाखवून दिली. १९६५ मध्ये नागपूरकडील ज्या गावी प्रथम सापडला त्याचेच नाव धारण करणारा चांदीपुरा विषाणू त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुख्यत्वे गुजरातेत उफाळला. जूनच्या प्रारंभापासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांपैकी ८२ दगावले, आणि ६४ जणांत हा विषाणू निश्चित झाला. या रोगात लहान मूल एक-दोन दिवसांत हातचे जाते. औषध नाही, लस नाही. वाळूमाशीचा बंदोबस्त आणि त्वरित रुग्णालय एवढाच काय तो उपाय. तेथे आठवड्याने पोचलेली माहिती म्हणजे वरातीमागून घोडे होय.

आक्षेप आणि धोका

यावर कोणी म्हणेल की उपकेंद्रांत पदे रिकामी असताना, औषधे वेळेवर मिळत नसताना, प्रशिक्षणाचे हे सोंग कशाला? आक्षेप निराधार नाही. रिकाम्या खुर्चीला शिकवता येत नाही. पदे भरणे, सर्वेक्षणाची पदे कायम करणे आणि प्रशिक्षितांची काही वर्षे तरी बदली न करणे, या अटी पाळल्या नाहीत तर प्रमाणपत्रांच्या समारंभाखेरीज काही पदरात पडणार नाही. पण म्हणून आधी सर्व पदे भरू आणि मग शिकवू, असे म्हणत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याचा बेत करणे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराने डोके वर काढले तेव्हा साथीने पदे भरली जाण्याची वाट पाहिली नव्हती.

धोका दुसराच आहे. रोगसर्वेक्षण आणि पोलिसी पाळत यांतील सीमारेषा पुसट होऊ देता कामा नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली सोल्जरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. त्याचा शेवट रँडच्या हत्येत झाला, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली आणि प्लेग पसरतच राहिला. २०२० मध्ये करोनाच्या काळात मालेगावसारख्या दाट वस्तीत भीती व अविश्वास दूर केल्याशिवाय तपासणी पुढे सरकत नव्हती, आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून पायी निघालेल्या मजुरांकडे पुष्कळांनी माणूस म्हणून न पाहता रोगाचे वाहक म्हणून पाहिले. म्हणून संशयिताशी कसे बोलावे, त्याचे नाव गुप्त कसे ठेवावे, त्याची बुडणारी मजुरी कशी भरून द्यावी, हाही अभ्यासक्रमाचा भाग हवा. माणसाचा विश्वास गमावलेली यंत्रणा कितीही प्रशिक्षित असली तरी आंधळीच राहते.

सिंहस्थ येईल आणि जाईल. घाट राहतील, रस्ते काही पावसाळे टिकतील. त्याच निमित्ताने नाशिकच्या विद्यापीठात दोन्ही राज्यांतील शे-दोनशे माणसे शिकून तयार झाली, तर ती पुढची वीस-पंचवीस वर्षे पेठच्या, सुरगाण्याच्या, धरमपूरच्या आणि नवापूरच्या दवाखान्यांत बसलेली असतील. खर्चाच्या मानाने याहून टिकाऊ बांधकाम दुसरे नाही. शासनाला त्यासाठी नवी इमारत नको, नवा कायदाही नको. दोन राज्यांच्या आरोग्यखात्यांनी एकत्र बसून वेळेवर घेतलेला एक निर्णय पुरेसा आहे.

तसे झाले, तर त्या पाड्यावरील पाच रुग्णांपैकी धरमपूरला गेलेल्या पहिल्याच रुग्णाला तेथील परिचारिका विचारील की, गावात आणखी कोणाला असा ताप आहे काय? आणि उत्तर ऐकून ती संध्याकाळच्या आत पेठला दूरध्वनी करील. साथ तेथेच थांबेल असे नाही. पण ती पाच जणांची आहे, हे पाचवर असतानाच कळेल. पाचाचे पाचशे होऊ द्यावयाचे की नाही, हे त्या एका दूरध्वनीवर अवलंबून असते.